सातव्या घटनादुरुस्तीने सीमाभागाला काय दिले?

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका तेवढा वगळून, म्हैसूर राज्यात गेला. मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूरपासून खानापूर आणि निपाणीपर्यंतच्या गावांचे राज्य बदलले. तेव्हापासून हा दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो. आज मला त्याच तारखेची दुसरी, फारशी न सांगितली गेलेली गोष्ट सांगायची आहे.

त्या दिवशी दोन कायदे एकदम अमलात आले. पहिला राज्य पुनर्रचना कायदा. त्याने रेषा ओढली. दुसरा राज्यघटनेची सातवी दुरुस्ती. रेषेमुळे जे लोक चुकीच्या बाजूला राहतील, त्यांच्या भाषेचे काय, याचे उत्तर तिने घटनेत लिहून ठेवले. पहिला कायदा आपल्याला तोंडपाठ आहे. दुसऱ्यातली दोन कलमे, ३५०-अ आणि ३५०-ब, आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहेत? रेषेचा प्रश्न आज ना उद्या सुटेल, पण तो सुटेपर्यंत आपली मुले कोणत्या हक्कावर शिकतात हे कळायला ही कलमे वाचावीच लागतात.

रेषा कशी ओढली जाते

राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने यावे लागते आणि त्याआधी संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते. मत मागवणे म्हणजे संमती घेणे नव्हे. पुनर्रचनेच्या तोंडावर, डिसेंबर १९५५ मध्ये, पाचवी घटनादुरुस्ती झाली. विधिमंडळाने मत किती मुदतीत द्यायचे हे राष्ट्रपतींनी ठरवावे आणि मुदत संपली की विधेयक पुढे जावे, अशी सोय तिने केली.

या कलमाचा अर्थ न्यायालयात लागला तोही एका मराठी प्रकरणात. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने आयत्या वेळी ते बदलून एकच मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य केले. हा बदल विधिमंडळाकडे पुन्हा पाठवला नाही, म्हणून कायदा अवैध आहे, असे बाबूलाल पराते यांचे म्हणणे होते. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. मत एकदा मागवले की पुरे, नंतरच्या प्रत्येक फेरफारासाठी पुन्हा विचारायची गरज नाही, असा तो निकाल.

चौथे कलम तर आणखी पुढे जाते. राज्यांची यादी आणि हद्दी घटनेच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलेल्या आहेत. तरीही त्या बदलणारा कायदा ही घटनादुरुस्ती समजली जाणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे साधे बहुमत पुरते. ज्या दिवशी हजेरी कमी, त्या दिवशी थोड्या खासदारांच्या हातवर करण्यानेही गाव इकडचे तिकडे होऊ शकते. यात आपल्या बाजूची गोष्ट एवढीच, की साध्या कायद्याने ओढलेली रेषा साध्या कायद्याने बदलताही येते. महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. ८६५ गावांचा तो प्रश्न आहे. त्याच्या निकालाची वाट पाहणे हे एक काम, आणि तोवर रोजचे जगणे हे दुसरे.

घटनेत काय लिहिले गेले

घटनादुरुस्तीचा मार्ग याहून अवघड आहे. कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा लागतो. काही कलमांसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही लागते. सातवी दुरुस्ती या मार्गाने आली. म्हणून तिने दिलेली गोष्ट कोणतेही राज्य सरकार आदेश काढून किंवा विधानसभेत कायदा करून पुसू शकत नाही. बंगळूरला ते शक्य नाही, मुंबईलाही नाही.

या दुरुस्तीमागे फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल होता. बेळगाव म्हैसूरला द्यावे म्हणणारा आयोग म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच अहवालात दुसरेही एक म्हणणे होते. रेषा कुठेही ओढली तरी दोन्ही बाजूंना अल्पसंख्याक भाषिक उरणारच, आणि त्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या हक्काला घटनेत मान्यता असावी, असे आयोगाने लिहिले.

त्यातून कलम ३५०-अ आले. त्याचा आशय असा: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्नशील राहावे, आणि त्यासाठी आवश्यक वाटतील ते निर्देश राष्ट्रपती राज्याला देऊ शकतात. यातले 'स्थानिक प्राधिकरण' हे शब्द सुटू देऊ नका. जबाबदारी विधानसौधपाशी थांबत नाही. ग्रामपंचायत, नगरपंचायत, महानगरपालिका या सगळ्यांवर ती आहे. आपण निवडून दिलेल्या सदस्यालाही हे कलम दाखवता येते.

कलम ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक खास अधिकारी नेमला. त्याने संरक्षणांची चौकशी करायची, राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. पहिले आयुक्त बी. मलिक १९५७ मध्ये नेमले गेले. या आयुक्तालयाचे मुख्य कार्यालय अलाहाबादला आणि विभागीय कार्यालयांपैकी एक अनेक वर्षे बेळगावात होते. बेळगावची निवड उगाच झाली नव्हती.

हक्काच्या तीन पायऱ्या

आता थोडे कडू बोलायला हवे. ३५०-अ मध्ये 'सोयी दिल्या पाहिजेत' असे म्हटलेले नाही, 'प्रयत्नशील राहावे' असे म्हटले आहे. ३५०-ब च्या अधिकाऱ्याला चौकशी करता येते, आदेश देता येत नाही. म्हणून भाषेची सगळी संरक्षणे एका मापाने मोजू नयेत. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत आणि आपण कोणत्या पायरीवर उभे राहून बोलतो आहोत हे माहीत असले, की अर्ज, मोर्चा आणि खटला यांतले नेमके हत्यार निवडता येते.

पहिली पायरी मूलभूत हक्कांची. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क कलम २९ देते. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क कलम ३० देते, तो धार्मिक अल्पसंख्याकांना आहे तसा भाषिक अल्पसंख्याकांनाही आहे. अल्पसंख्याक कोण, हे देश धरून मोजायचे की राज्य धरून? टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने राज्य हेच एकक ठरवले. म्हणजे कर्नाटकात मराठी भाषिक अल्पसंख्याक आहेत, आणि महाराष्ट्रात अक्कलकोट, जतचे कन्नड भाषिक अल्पसंख्याक आहेत. हा हक्क डावलला गेला तर थेट न्यायालयात जाता येते. आपल्यासाठी ते दार धारवाडच्या खंडपीठाचे.

दुसरी पायरी घटनेत लिहिलेल्या, पण मूलभूत हक्क नसलेल्या तरतुदींची. ३५०-अ आणि ३५०-ब तिथे बसतात. कलम ३४७ ही तिथेच आहे. राज्यातल्या लोकसंख्येच्या मोठ्या भागाची तशी मागणी असेल, तर त्यांची भाषा राज्यभर किंवा राज्याच्या एखाद्या भागात ठरावीक कामांपुरती अधिकृत मानावी, असा निर्देश राष्ट्रपती देऊ शकतात. 'देऊ शकतात' हे महत्त्वाचे. मागणीचा रस्ता आहे, मंजुरीची हमी नाही.

तिसरी पायरी सरकारी आश्वासनांची, आणि रोजच्या वापरात हीच सर्वांत जास्त कामी येते. एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यायचा, हे सूत्र प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेतले आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असले तर महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही काढायच्या. जिल्ह्यात ते ६० टक्के असले तर ती भाषा तिथे दुसरी अधिकृत भाषा करायची. नोकरीत घेतानाच राज्यभाषेचा आग्रह धरायचा नाही, तिची परीक्षा परिवीक्षेच्या काळात घ्यायची. केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या या योजनेच्या पालनाचा हिशेब आयुक्तालयाच्या अहवालांत मांडला जातो. या गोष्टी घटनेत नाहीत. त्यामुळे त्या न पाळणाऱ्याला न्यायालयात खेचणे अवघड, पण तो आपलाच शब्द मोडतो आहे हे लेखी दाखवणे सोपे.

दिलेला हक्क काढून घेता येतो का?

घटनादुरुस्ती हक्क देते, तशी काढूनही घेते. मच्छे परिसरातल्या शेतकऱ्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. मूळ घटनेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला आणि कलम ३००-अ मध्ये ठेवला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढीच हमी आता उरली. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी बांधावर आणि न्यायालयात वर्षानुवर्षे लढत आले. त्या लढाईत भूसंपादन रीतसर झाले की नाही याला इतके महत्त्व का येते, त्याचे मूळ या बदलात आहे. याच ४४ व्या दुरुस्तीने कलम ३० ला मात्र एक पोटकलम जोडले. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची जागा सक्तीने घ्यायची असेल, तर संस्था चालवण्याचा हक्कच मोडीत निघेल इतकी तुटपुंजी भरपाई ठरवता येणार नाही. एकाच दुरुस्तीने एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने शाळेभोवती कुंपण घातले.

मग उद्या कोणी कलम २९ आणि ३० च काढून टाकली तर? या प्रश्नावरच्या देशव्यापी वादात आपल्या बेळगावशी नाते असलेले एक नाव मध्यभागी होते. बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचे, बेळगावात वाढलेले, राजापूरचे खासदार. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला, की संसदेला मूलभूत हक्क दुरुस्तीनेही कमी करता येणार नाहीत. नाथ पैंनी लगेच लोकसभेत खासगी विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचा आहे, लोकांनी निवडलेल्या सभागृहावर न्यायालयाने कायमचे कुलूप घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर गाजलेली चर्चा झाली, पण ते मंजूर झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पैंचे निधन झाले, तेही बेळगावातच. त्यांनी मागितलेला अधिकार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेला मिळाला.

नाथ पैंचा संसदेवरचा विश्वास लोकशाहीवाद्याचा होता. पण तोच अधिकार बेपर्वा बहुमताच्या हाती पडला तर काय, या शंकेचे उत्तर २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने दिले. तेरा न्यायमूर्तींपैकी सातांनी म्हटले की संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, मात्र घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. हे केशवानंद भारती कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख होते. कासरगोड म्हणजे केरळात राहिलेला, कर्नाटकाने आपला म्हणून मागितलेला सीमाभाग. देशभरच्या हक्कांना आधार देणारा हा निकाल दुसऱ्या एका सीमाभागातून आला, हे आपण लक्षात ठेवावे. रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिलेली माणसे फक्त आपणच नाही.

न्यायालयात भाषेचे काय झाले?

गोकाक अहवालानंतर कर्नाटकात शाळांमध्ये कन्नड सक्तीचे आदेश निघाले. १ जून १९८६ ला त्या सक्तीविरुद्धच्या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, त्यांना आपण हिंडलग्याच्या स्मारकापाशी दरवर्षी वंदन करतो. रस्त्यावर हे घडत असताना न्यायालयातही लढाई चालू होती. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांवर प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून कन्नडची सक्ती घटनेत बसत नाही, असे ठरवले. सातव्या दुरुस्तीचे ३५०-अ आणि मूलभूत हक्कांची २९, ३० ही कलमे अशी एकत्र वाचली की 'प्रयत्नशील राहावे' या मवाळ शब्दांनाही धार येते.

पुढे पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवावे, असा आदेश राज्य सरकारने १९९४ मध्ये काढला. तो वाद ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे संपला. न्यायालयाचे म्हणणे दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग आपल्याला लागू आहेत. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, सरकार नाही. आणि मातृभाषेतूनच शिका अशी सक्ती सरकार करू शकणार नाही, कारण ३५०-अ सोयी द्यायला सांगते, सक्ती करायला नाही. पहिला भाग आपले रक्षण करतो. नाव, पत्ता किंवा जात पाहून तुमच्या मुलाचे माध्यम कोणी ठरवू शकत नाही. दुसऱ्या भागाने इंग्रजी माध्यमाचे दार सताड उघडले.

आरशाची दुसरी बाजूही पाहू. महाराष्ट्रात गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी मराठी सक्तीला आव्हान दिले होते. २००४ मध्ये उषा मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू मान्य केली. राज्यात राहणाऱ्याने राज्याची भाषा एक विषय म्हणून शिकावी, असे सरकार म्हणू शकते. हाच न्याय कर्नाटकालाही लागू पडतो. २०१५ च्या कायद्याने इथल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून आली. भाषा विषय म्हणून शिकणे आणि माध्यम म्हणून लादली जाणे यांत फरक आहे. आपला लढा दुसऱ्या गोष्टीविरुद्ध आहे. पहिलीविरुद्ध लढायला गेलो तर मुंबईतल्या मराठीची बाजूही आपणच कमकुवत करू.

हक्क वापरायचा कसा?

कलम ३५० मूळ घटनेतले, दोन ओळींचे आणि फार उपयोगाचे आहे. आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषांत मराठी येते का, असा आक्षेप कोणी घेतला, तर सरकार स्वतःच मराठी शाळा चालवते, हे उत्तर पुरेसे आहे. म्हणून तलाठ्यापासून डीसी ऑफिसपर्यंत निवेदन मराठीत द्यायला हरकत नाही. काम लवकर व्हावे म्हणून सोबत कन्नड भाषांतर जोडले तर त्यात कमीपणा नाही. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. नाकारले तर 'लेखी नकार द्या' म्हणा. बहुतेक ठिकाणी नकार तोंडीच राहतो, कारण लेखी नकार पुढे पुरावा होतो.

शाळेत मराठीचा शिक्षक नसेल तर एसडीएमसीचा ठराव करावा. त्यात वर्गवार मराठी मुलांची संख्या, रिकाम्या जागा आणि त्या कधीपासून रिकाम्या आहेत हे लिहावे, १० आणि ४० च्या सूत्राचा उल्लेख करावा आणि कलम ३५०-अ चे नाव घालावे. प्रत बीईओ ऑफिसला, प्रत डीसींना, प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. आयुक्त आदेश देऊ शकत नसतील, पण त्यांच्या अहवालात आलेली ओळ संसदेपुढे जाते. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत, सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याखालचा २००९ चा कायदा म्हणतो की शक्य तेवढे शिक्षण मातृभाषेतून असावे. हे वाक्यही ठरावात असू द्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक संख्या आहे. दहा मुले. घटनेतले कलम दिल्लीत कोणी रद्द करणार नाही, त्यासाठी दोन तृतीयांश लागतात. पण पहिलीच्या वर्गात दहाची नऊ मुले झाली की शिक्षकाची मागणी लंगडी होते, पुढे शाळा जोडली जाते, मग बंद होते. त्याला ना आदेश लागतो, ना लाठी. २०१४ च्या निकालानंतर हा निर्णय पालकांच्या हातात आहे, म्हणजे आपल्या. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी आपण मुलाचे नाव कुठे घालतो, यावर ३५०-अ आपल्या गावात उरणार की नाही हे ठरते.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या आईबापांना मुलाच्या पोटाची काळजी असते आणि ती खरी असते. त्यांना मराठी शाळेकडे वळवायचे तर भाषणाने जमणार नाही. तिथे इंग्रजी नीट शिकवली गेली पाहिजे, कन्नडही नीट शिकवली गेली पाहिजे, छत गळता कामा नये आणि शिक्षक वेळेवर यायला हवा. हे मागण्याचा आधार घटनेत आहे. तो १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे, ज्या दिवशी रेषा ओढली गेली त्याच दिवसापासून. त्या दिवसाचे दुःख आपण दरवर्षी पाळतो. त्या दिवशी मिळालेले कलमही दरवर्षी वापरू या.